शिकविलेल्या हातांचे मोल

विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट आहे. चांदा जिल्ह्यातील लोहखनिजावर पोलादाचा कारखाना उभारावा, या जमशेटजी टाटांच्या मनोरथास यश येत नव्हते. तेथील शोध सोडून देत असल्याचे सरकारच्या कानी घालण्यासाठी त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढावा म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तेथे मध्य प्रांताचा भूस्तरीय नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यात दुर्ग जिल्ह्याचा भाग लोहखनिजाच्या खुणेने ठळक रंगविलेला होता. दोराबजी आणि त्यांचे अमेरिकी भूस्तरशास्त्रज्ञ वेल्ड त्या डोंगरांवर चढून गेले. खनिज उत्तम होते. परंतु योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी यांचा मेळ बसेना. पुढे प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या खनिजाकडे लक्ष वेधले, १९०७ मध्ये टाटांची कंपनी स्थापन झाली, आणि कारखाना साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास गेला. दल्ली-राजहराचे डोंगर आणखी अर्धशतक तसेच उभे राहिले.

त्या डोंगरांचा योग १९५५ साली आला. त्या वर्षीच्या २ फेब्रुवारीस भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, आणि वर्षाला दहा लाख टन पोलाद देणारा कारखाना भिलाई येथे उभारण्याचे ठरले. कर्जावरील व्याज शेकडा अडीच होते आणि फेड बारा वार्षिक हप्त्यांत करावयाची होती. हा करार झाला त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्या राज्याची राजधानी नागपूर होती. छत्तीसगड हा प्रदेश अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. रायपूर, दुर्ग, बिलासपूर येथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत दुर्ग भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि २००० साली छत्तीसगड राज्यात आला. पण मुंबई-नागपूर-हावडा या लोहमार्गावरील भिलाई मराठी माणसाला कधीच परकी वाटली नाही.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या घटनेची वर्णने पुष्कळ झाली आहेत. कर्ज किती, यंत्रे किती, टन किती, याचे आकडे त्या काळी शाळेतील मुलांनाही पाठ असत. एक आकडा मात्र कोणी सहसा विचारला नाही. ज्या माणसांनी ती भट्टी चालवावयाची, त्यांना शिकविण्यास काय लागले आणि त्या शिकविण्याचे मोल काय झाले? हा प्रश्न केवळ भिलाईचा नाही. कामगाराला वाचन, लेखन, अंकगणित आणि मोजमाप शिकविण्यावर मालकाने पैसा खर्च करावा काय, आणि केल्यास तो परत मिळाला हे कसे ओळखावे, या जगभर चाललेल्या वादाचे एक स्पष्ट उदाहरण म्हणजे भिलाई.

१९५१ च्या जनगणनेनुसार देशात शंभरांपैकी सुमारे अठरा माणसे साक्षर होती. भिलाईच्या आसपासचा प्रदेश भाताचा. पाऊस, पेरणी, कापणी यांच्या तालावर चालणाऱ्या खेड्यांतील शेतकऱ्याला घड्याळाच्या पाळीवर काम करण्याची सवय नव्हती, आणि प्रारंभी त्याची तशी इच्छाही नव्हती. जमिनी गेल्या होत्या. एवढे मोठे बांधकाम उभे राहावे म्हणून नरबळी दिले जातात, अशी कुजबूज खेड्यांत पसरली होती. लंडनचे मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी भिलाईत अनेक वर्षे राहून केलेल्या अभ्यासात या अफवांची नोंद घेतली आहे. बांधकामावर येणारा पुष्कळसा मजूरवर्ग देशाच्या निरनिराळ्या भागांतून आला. त्याच्या भाषा वेगळ्या, आणि कारखान्याचे आराखडे तर रशियन भाषेत. दुभाष्यावाचून पान हलत नसे.

यात आणखी एका गोष्टीची भर पडली. याच वर्षांत देशाची मापे बदलत होती. १९५६ मध्ये वजनमापांचा नवा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चालू झाली, आणि १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने रूढ होऊ लागली. शेर, मण, इंच आणि फूट यांत वाढलेल्या माणसाला रशियन यंत्रांचे मीटर, मिलिमीटर आणि किलोग्रॅम वाचावयाचे होते. दशांश चिन्हाचा ठिपका ही व्यापाऱ्याच्या वहीत लहानशी गोष्ट असते. भट्टीच्या नोंदवहीत त्या ठिपक्याची जागा चुकली, तर आकडा दसपट होतो.

पोलादाच्या कारखान्यात मूलभूत कौशल्य म्हणजे काय, हे यावरून उमगते. त्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. दाबमापकाचा काटा कोठे आहे ते वाचता यावे. तो मागील तासाला कोठे होता, हे नोंदवहीत पाहता यावे. दोन आकड्यांतील फरक नेहमीचा आहे की धोक्याचा, हे ठरविता यावे. पाळी बदलताना येणाऱ्या माणसासाठी चार ओळी सुवाच्य लिहिता याव्यात. झडपेवरील पाटी वाचता यावी. झोतभट्टीत लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या वर तापलेला असतो. ती पेटविल्यानंतर रात्री विझवून सकाळी पुन्हा पेटविता येत नाही. वर्षानुवर्षे अखंड चालते. तिच्यापाशी काम करणाऱ्याचे अज्ञान ही त्याची खासगी बाब राहत नाही. ते पुढच्या पाळीला मिळते, पुढच्या विभागात जाते, आणि अखेरीस आगगाडीच्या रुळात उतरते. भिलाईचे रूळ दीर्घकाळ भारतीय रेल्वेचा मुख्य आधार राहिले, हे ध्यानी घेतले म्हणजे या साखळीची लांबी कळते.

भिलाईच्या योजनेत शिक्षणाची व्यवस्था प्रारंभापासूनच होती. शेकडो अभियंते आणि कारागीर सोव्हिएत पोलाद-कारखान्यांत शिकून आले. त्याच सुमारास फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने भारतीय पोलाद-अभियंत्यांचे गट अमेरिकेतही जात होते. भिलाईतच प्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. आणि मुख्य शिक्षण झाले ते कामाच्या जागी. रशियन तंत्रज्ञ आणि भारतीय कामगार एकाच यंत्रापाशी उभे राहिले. आधी भारतीयाने पाहावयाचे, मग रशियनाच्या देखत करावयाचे, आणि शेवटी एकट्याने. हिंदीतील दहावीस शब्द आणि रशियनमधील दहावीस शब्द यांवर पुष्कळ काम भागले. विदेशी तज्ज्ञांची संख्या हळूहळू ओसरत गेली. कारखाना १९६० च्या दशकात पंचवीस लाख टनांपर्यंत आणि १९८८ मध्ये चाळीस लाख टनांपर्यंत वाढला.

आता हिशेबाचा प्रश्न. गमतीची गोष्ट अशी की, ज्या देशाने भिलाई उभारण्यास साहाय्य केले, त्याच देशातील एका अर्थशास्त्रज्ञाने या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर देऊन ठेवले होते. त्याचे नाव स्ट्रुमिलिन. क्रांतीनंतर धातुकामाच्या कारखान्यांतील कामगारांची माहिती गोळा करून त्याने १९२४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्याच्या मते, प्राथमिक शाळेतील एका वर्षाच्या शिक्षणाने कामगाराची उत्पादकता सरासरीने शेकडा तीस वाढते. उलट निरक्षर कामगाराने कारखान्यात एक वर्ष उमेदवारी केल्यास ती वाढ शेकडा बारा ते सोळा एवढीच असते. पाटीवरील एक वर्ष यंत्रावरील वर्षाच्या जवळजवळ दुप्पट फळ देते, असे त्याचे सांगणे. सोव्हिएत नियोजनात शिक्षणावरील खर्च हा दानधर्म न समजता भांडवल समजावा, या विचाराला त्याने आकड्यांचा आधार दिला.

त्या आकड्यांकडे आज पाहताना सावधपणा ठेवला पाहिजे. ज्याला एक वर्ष शाळेत जाता आले, तो कदाचित जरा बऱ्या घरचा असेल, शहराजवळ राहत असेल, मुळातच चलाख असेल. मग वाढलेली उत्पादकता शाळेची म्हणावयाची की घराची? शिवाय कारागिराची श्रेणी ही त्याच्या प्रत्यक्ष उत्पादनाची सावली असते, उत्पादन नव्हे. तरीही स्ट्रुमिलिनने प्रश्न नीट विचारला, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेत थिओडोर शुल्ट्झ यांनी मानवी भांडवलाची कल्पना मांडली, तेव्हा बाजारपेठेचे अर्थशास्त्रही त्याच वाटेवर येऊन पोचले.

भिलाईची पहिली भट्टी पेटली त्याच वर्षी, १९५९ मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षणाचे मूल्यमापन कसे करावे, यावर लेखमाला सुरू केली. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला ते शिक्षण आवडले काय, ही पहिली. तो खरोखर काही शिकला काय, ही दुसरी. कामावर परतल्यावर त्याची वागणूक बदलली काय, ही तिसरी. आणि त्यामुळे संस्थेच्या पदरात काही पडले काय, ही चौथी. हे वर्गीकरण इतके सरळ आहे की ते जगभर रूढ झाले. परंतु व्यवहारात बहुतेक संस्था पहिल्या पायरीवरच बसकण मारतात. वर्ग संपताना एक कागद भरून घेतला जातो, सर्वांनी समाधान व्यक्त केलेले असते, आणि मूल्यमापन झाले असे समजण्यात येते. चौथ्या पायरीवर पाऊल ठेवण्यास कोणी धजत नाही; कारण तेथे चढणे खरोखरच अवघड आहे.

ते का अवघड, हे भिलाईच्याच उदाहरणाने सांगता येईल. समजा, एका वर्षी एका विभागातील माणसांना मोजमापाचे शिक्षण दिले, आणि पुढील वर्षी त्या विभागातील खराब मालाचे प्रमाण घटले. हा शिक्षणाचा गुण म्हणावा काय? त्याच वर्षी दूरच्या खाणींतून अधिक चांगला कोळसा आला असेल. राजहराच्या खनिजाची प्रत बदलली असेल. नवी भट्टी सुरू झाली असेल. जुना मुकादम निवृत्त होऊन समजूतदार माणूस आला असेल. वाढत्या कारखान्यात दरसाल इतके काही बदलते की, त्यांतून शिक्षणाचा भाग वेगळा काढणे म्हणजे नदीच्या पाण्यातून एका ओढ्याचे पाणी ओळखणे होय. यावर उपाय एकच. सारखेच काम करणाऱ्या दोन तुकड्या घ्याव्यात, एकीला आधी आणि दुसरीला सहा महिन्यांनी शिकवावे, आणि मधल्या काळातील खराब माल, यंत्राचा खोळंबा, किरकोळ अपघात आणि गैरहजेरी यांच्या नोंदी समोरासमोर मांडाव्यात. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. शिक्षण सुरू करण्याच्या आधीपासून नोंद ठेवण्याची दूरदृष्टी लागते. आधीचे माप घेतलेलेच नसेल, तर नंतरच्या मापाला अर्थ उरत नाही.

आणखी एक अडचण मालकाच्या मनात असते, आणि ती खोटी नाही. शिकविलेला माणूस निघून गेला तर? अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये या भीतीला तर्कशुद्ध रूप दिले. एकाच कारखान्यात उपयोगी पडणारे कौशल्य आणि सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य, असे दोन प्रकार त्यांनी केले. पहिल्यावर मालक खुशीने खर्च करतो. दुसऱ्यावर करीत नाही. कारण त्याचे फळ शेजारचा मालक चार रुपये अधिक देऊन तोडून नेऊ शकतो. आणि वाचन, लेखन, अंकगणित यांच्याइतके सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य दुसरे कोणते? म्हणजे जे शिक्षण सर्वांत मोलाचे, त्यावरच खर्च करण्यास कोणताही एकटा मालक तयार होत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मालकांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले, त्यामागे हाच पेच होता.

भिलाईने हा पेच वेगळ्या रीतीने सोडविला, किंवा तेथे तो आपोआप सुटला. मालक सरकार होते. भिलाईत शिकलेला तंत्रज्ञ बोकारोस गेला, तर भिलाईच्या वहीत तोटा दिसे. पण राष्ट्राच्या वहीत ती रक्कम जमेस राही. बोकारोच्या उभारणीसाठी १९६५ मध्ये पुन्हा सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा भारतापाशी पोलादाचे काम जाणणारी माणसे होती, आणि ती भिलाईसारख्या कारखान्यांत घडली होती. हे मोल कारखान्याच्या ताळेबंदात शोधून सापडणार नाही. म्हणून हिशेब मांडताना, तो कोणाच्या वहीत मांडावयाचा, हे आधी ठरविले पाहिजे.

काही मोल तर कोणत्याच वहीत येत नाही. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे असते. त्याला रंग नाही, वास नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाईत पाण्याच्या पंपघरात हा वायू शिरून सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्ट्यांच्या वायुवाहिनीवर आग लागून दहाहून अधिक माणसे गेली. अशा अपघातांची कारणे गुंतागुंतीची असतात, आणि ती शिक्षणाच्या उणिवेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण त्यांतून एक गोष्ट दिसते. टळलेला अपघात घडतच नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही. कोणी पाटी वाचून मागे फिरला, कोणी काटा पाहून झडप बंद केली, तो दिवस नोंदवहीत इतर दिवसांसारखाच दिसतो. सुरक्षिततेच्या शिक्षणाचे सर्वांत मोठे उत्पन्न हे असे अदृश्य असते. ‘थोडक्यात चुकले’ अशा प्रसंगांची प्रामाणिक नोंद ठेवणारा कारखाना त्या उत्पन्नाचा अंदाज तरी बांधू शकतो. आणि ती नोंद करण्यासाठीही लिहिता येणारा, आणि लिहिल्याबद्दल शिक्षा होणार नाही असा विश्वास असणारा कामगार लागतो.

या विचाराचा मराठी मुलुखाशी निकटचा संबंध आहे. कामगार शिक्षणाचे केंद्रीय मंडळ १९५८ मध्ये स्थापन झाले, आणि त्याचे मुख्य ठिकाण नागपूर ठरले. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडील शिक्षणतज्ज्ञ होते. मोठ्या मालकांनी आपल्या निरक्षर नोकरांना नोकरीस लागल्यापासून तीन वर्षांत कामापुरते साक्षर करावे, वाटल्यास त्यासाठी कायदा करावा, आणि सरकारी कारखान्यांनी यात पुढाकार घ्यावा, अशी शिफारस त्या आयोगाने केली. मार्च १९६७ मध्ये मुंबईत वरळी येथे देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. गिरणी आणि कारखाना यांतील कामगाराला त्याच्या कामाशी निगडित असे लेखन, गणित आणि तंत्र एकत्र शिकवावे, ही त्यामागील कल्पना. त्याच काळात युनेस्कोने अकरा देशांत कार्यात्मक साक्षरतेचा प्रयोग चालविला, आणि त्यात भारतही होता. १९७६ मध्ये त्याचे परीक्षण प्रसिद्ध झाले, तेव्हा एक बोधप्रद गोष्ट पुढे आली. केवळ उत्पादन वाढावे एवढ्याच हेतूने आखलेले शिक्षण अपुरे ठरले. शिकणाऱ्या माणसाच्या गरजा त्याहून मोठ्या होत्या. यंत्रापुरते वाचावयास शिकलेल्या माणसाला पुढे पगाराची चिठ्ठी वाचावीशी वाटते, मुलाचे प्रगतिपुस्तक वाचावेसे वाटते, करारपत्रही वाचावेसे वाटते.

येथे या विषयातील खरा कस लागतो. १९८० च्या दशकात भिलाईच्या पटावर साठ हजारांच्या घरात माणसे होती. पुढे ती संख्या निम्म्याहून खाली आली, आणि पुष्कळसे काम ठेकेदारांच्या मजुरांकडे गेले. भिलाईतील लोक या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द वापरतात, असे पॅरी यांनी नोंदविले आहे. एक ‘नौकरी’, दुसरे नुसते ‘काम’. नोकरी करणाऱ्यासाठी प्रशिक्षण, बढती, घर आणि दवाखाना आहे. काम करणारा आज या ठेक्यावर, उद्या त्या ठेक्यावर. त्याच्या शिक्षणाचा खर्च ठेकेदार करीत नाही. कारण ठेका संपला की मजूर सुटतो. कारखाना करीत नाही. कारण तो त्याच्या पटावर नाही. बेकर यांनी सांगितलेला पेच येथे पूर्ण उघडा पडतो. एकाच वायुवाहिनीखाली दोघे उभे असतात. वायू मात्र पट पाहून पसरत नाही.

दल्ली-राजहराच्या खाणींतील ठेक्याच्या मजुरांनी १९७७ पासून शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली जी संघटना उभारली, तिने मजुरीच्या दराबरोबर हा प्रश्नही हाती घेतला. खाणींचे संपूर्ण यांत्रिकीकरण करून हजारो हात रिकामे करण्याऐवजी अर्धयांत्रिकीकरण करावे, अशी योजना संघटनेने मांडली. तिने शाळा चालविल्या, आणि १९८३ मध्ये मजुरांच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभे केले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगी यांची हत्या झाली. त्यांच्या मार्गाविषयी मतभेद असू शकतील. मजूर हा शिकू शकतो, आणि त्याचे शिकणे हाही उत्पादनाच्या हिशेबाचा भाग आहे, हा त्यांचा आग्रह मात्र पोलाद-अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात शोभेल असा होता.

मग मालकाने काय मोजावे? खराब माल, खोळंबा, गैरहजेरी, अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात, हे सारे शिक्षणाच्या आधी आणि नंतर, शिकविलेल्या आणि न शिकविलेल्या तुकडीत, अवश्य मोजावे. मोजण्याचा कंटाळा करणारा मालक पहिल्या मंदीतच शिक्षणाचा खर्च छाटतो; कारण त्या खर्चाची बाजू मांडण्यास त्याच्यापाशी एकही आकडा नसतो. परंतु जे मोजता आले तेवढेच मोल, असेही समजू नये. मापात येणारा लाभ हा लाभाचा खालचा आकडा असतो. त्याच्या वर निघून गेलेल्या तंत्रज्ञाने दुसरीकडे उभारलेला कारखाना असतो, न घडलेला अपघात असतो, आणि आपली पगाराची चिठ्ठी स्वतः वाचणारा माणूस असतो.

दुर्गच्या भूमीतील लोखंड एका नकाशावरील रंगामुळे जगाला कळले. जमिनीखालच्या संपत्तीचे असे नकाशे भूस्तरशास्त्रज्ञ फार पूर्वी करून गेले. जमिनीवर, भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसांत कोणती संपत्ती दडली आहे, याचा नकाशा प्रत्येक कारखान्याने स्वतः काढावयाचा आहे, आणि त्यात ठेक्याच्या मजुराचे नाव वगळून चालणार नाही.